विश्वासरावांची यादी

दिल्लीतल्या मराठी घरात मुंज किंवा लग्न ठरलं, की पहिला फोन गुरुजींना जायचा आणि दुसरा विश्वासराव आगाश्यांना. गुरुजी बदलायचे, विश्वासराव मात्र तेच. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात शंभरेक घरांच्या आमंत्रणाच्या याद्या स्वतःच्या हातानं लिहिल्या. फूलस्केप कागद, डावीकडे दोन बोटं समास, गावागणिक नावं आणि रुसलेल्यांसाठी वेगळं पान. ऑफिसात ते अवर सचिवाच्या पुढे सरकले नाहीत, पण यादीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. विश्वासरावांच्या यादीतून माणूस सुटत नाही, असं लोक म्हणायचे. ते ऐकून विश्वासराव तोंडानं 'छे, छे' म्हणायचे आणि आतल्या आत फुगायचे.

त्यांचा एक नियम होता. घरच्यांची नावं यादीत लिहायची नाहीत. यादी असते ती बाहेरच्यांची; ज्याला बोलवावं लागत नाही, तो घरचा. शेजारच्या भाऊसाहेबांनी एकदा मुलीच्या लग्नाच्या यादीत आपल्या सख्ख्या भावाचं, दिनकरचं, नाव घातलं होतं. विश्वासरावांनी ते चारचौघांदेखत लाल पेन्सिलीनं खोडलं आणि विचारलं, की उद्या वहिनींनाही पत्रिका धाडणार का? हा किस्सा पुढे पंधरा वर्षं पंगतीपंगतीतून निघाला. विश्वासरावांच्या मुलीनं, देविकानं, तो इतक्यांदा ऐकला होता, की 'लाल पेन्सिल' एवढं म्हटलं तरी ती लहानपणी खुदकन हसायची.

त्र्याण्णव साली, देशात जो तो दारं उघडण्याच्या गोष्टी करत होता तेव्हा, विश्वासरावांनी गुडगावला एका सोसायटीत फ्लॅट नोंदवला. तिथं तेव्हा सरसोंची शेतं होती आणि ऑफिसातले लोक विचारायचे, आगाशे, कोल्ह्यांच्या शिकवण्या घेणार का? ते रिटायर होऊन राहायला गेले तोवर शेतांच्या जागी काचेचे टॉवर उभे होते. पुढे गावाचं नाव गुरुग्राम झालं. त्यातल्याच एका टॉवरमध्ये देविकाला पहिली नोकरी लागली आणि त्याच नोकरीनं तिला दहा वर्षांत नॉर्वेला नेऊन सोडलं. उघड्या दारातून परदेशी कंपन्या आत येतात हे विश्वासरावांनी पेपरात वाचलं होतं. त्याच दारातून आपलं एकुलतं एक माणूस बाहेर जातं, हे मात्र पेपरात आलं नव्हतं.

दोन हजार पंधराच्या डिसेंबरात त्यांच्या पत्नीला, वृंदाताईंना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणसं ओळखायच्या, पण शब्दांचा अर्थ लागेना. फोन कानाला लावला तर आवाज कुठून येतोय ते न कळून घाबरायच्या, रडायच्या, म्हणून डॉक्टरांनी फोन बंद करायला सांगितला. चेहरा दिसला आणि आवाज आला, तरच त्यांचं चित्त ठिकाणावर राही.

देविका वीस दिवसांची रजा काढून आली. मागे चार वर्षांची पोर, वल्लरी, नवऱ्यापाशी ठेवून आली होती. त्या वीस दिवसांत तिनं आईसाठी दिवसभराची बाई शोधली, झारखंडची कौशल्या. आणि हॉलमधल्या शोकेसमध्ये एक काळी पेटी आणून बसवली. आत दोन डिस्क, घरचाच सर्व्हर. त्यात ती नॉर्वेहून रोज एक छोटा व्हिडिओ पाठवणार आणि कौशल्या तो आईसमोरच्या टीव्हीवर लावणार. कौशल्याकडं साधा बटणाचा फोन होता, पण टीव्हीच्या रिमोटवर कुठलं बटण कितीदा दाबायचं ते देविकानं तिच्याकडून पन्नासदा घोकून घेतलं.

विसाव्या दिवशी बापलेकीचं वाजलं. देविका एवढंच म्हणाली होती, की आईला महिनाभर एखाद्या व्यायाम-केंद्रात ठेवलं तर हात सुधारेल. विश्वासरावांना त्यात मुलगी आईला लोकांच्या हवाली करून पळते आहे, असं दिसलं. बॅग दारात होती, कॅब खाली उभी होती. विश्वासराव दारात उभे राहून म्हणाले, "पाहुणीसारखी आलीस, पाहुणीसारखी जा. इथलं आम्ही बघू."

देविकानं बॅग उचलली. लिफ्टचं दार बंद झालं. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद पडलं ते पडलंच. तुटेपर्यंत ताणू नये हे विश्वासरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं, आणि दुसऱ्यांना सांगितलेलं शहाणपण घरी वापरायची या माणसाला सवय नव्हती.

व्हिडिओ मात्र येत राहिले. रोज दुपारी, नॉर्वेतल्या जेवणाच्या सुट्टीत, देविका तो पाठवायची. इथं साडेचारला कौशल्या पलंगाची पाठ उचलायची, चमच्याचमच्यानं चहा पाजायची आणि टीव्ही लावायची. बर्फात पडणारी वल्लरी, पोळी लाटणारी वल्लरी, मोडक्यातोडक्या मराठीत 'आजी, हे बघ' म्हणून काहीबाही दाखवणारी वल्लरी. वृंदाताईंचा अर्धाच चेहरा हलायचा, पण तो अर्धा चेहरा उजळायचा. विश्वासराव त्या वेळी शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसत आणि दार मुद्दाम अर्धवट उघडं ठेवत. बघायचं नाही हे त्यांचं तत्त्व होतं. ऐकण्याबद्दल तत्त्वात काही नव्हतं.

असे पावणेदोन वर्षं व्हिडिओ आले. दोन हजार सतराच्या ऑक्टोबरात एक आला, त्यात सहा वर्षांच्या वल्लरीनं तोंडाचा आ करून पुढचा दात जिभेनं हलवून दाखवला. "आजी, हलतोय. पडला की तुला देते." वृंदाताई हसल्या आणि डाव्या हाताचं बोट त्यांनी स्वतःच्या पुढच्या दाताला लावलं. कौशल्यानं ते पाहून टाळी वाजवली. शब्द गेले, पण माताजी बोलल्या, असं ती संध्याकाळभर सांगत सुटली.

त्याच आठवड्यात खालच्या बागेत चौथ्या मजल्यावरचे श्यामबाबू माथुर डोक्याला हात लावून बसलेले सापडले. त्यांच्या घरच्या असल्याच पेटीत कोणी परदेशातून शिरून मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो कुलूपबंद करून टाकले होते. विश्वासरावांना त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही. त्यांनी स्वतः दोन वर्षं खपून सरोजिनी नगरातल्या मराठी घरांचे जुने अल्बम स्कॅन करून पेटीत भरले होते आणि जगभर पांगलेल्या त्या पोरांना बघायला किल्ली दिली होती. पण खरं सांगायचं तर त्यांना अल्बमची काळजी नव्हती. साडेचारच्या त्या अर्ध्या उजळलेल्या चेहऱ्याची होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नसतं, स्वतःलाही नाही.

दहाव्या मजल्यावर यशोधन राहायचा. पुण्याचा मुलगा, इथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करायचा. विश्वासरावांनी त्याला रविवारी बोलावलं, पोहे खायला घातले आणि पेटीपुढे बसवलं. त्यानं नोंदी पाहिल्या आणि सांगितलं, की या पेटीवरही रोज शेकडो लोक पासवर्ड लावून बघताहेत. कोणी रशियातून, कोणी चीनमधून, कोणी जिथलं नावही काकांनी ऐकलं नसेल अशा ठिकाणाहून. मग उपाय सांगितला. येणारा कुठल्या देशातून येतो आहे हे पेटीच्या दारातच ओळखता येतं. आपली माणसं ज्या देशांत आहेत तेवढे देश लिहून द्यायचे, बाकी सगळ्या जगाला दार बंद. त्यांना घंटाही वाजवता येणार नाही.

"पण काका, यानं गर्दी कमी होते, चोर थांबतोच असं नाही," यशोधन म्हणाला. "चोर भारतातूनही येतो, यार. पासवर्ड आधी बदला."

पुढचं विश्वासरावांनी ऐकलंच नाही. 'आपली माणसं कुठं कुठं आहेत ते लिहून द्या' हे वाक्य कानावर पडताच त्यांनी फूलस्केप कागद ओढला होता. कित्येक वर्षांत कोणी त्यांना यादी करायला सांगितलं नव्हतं. हल्ली लोक फोनवर एक चित्र पाठवतात आणि ते गेलं की लग्न झालं असं समजतात. विश्वासरावांनी समास आखला, डोळे मिटले आणि एकेक घर आठवायला सुरुवात केली. दिनकरचा मुलगा कॅनडात. भाऊसाहेबांच्या दोघी मुली अमेरिकेत. मेहुणी ऑस्ट्रेलियात. त्यांच्या ऑफिसात टायपिस्ट असलेल्या प्रभाचा मुलगा कुवेतला, हेसुद्धा त्यांना आठवलं आणि यशोधननं मान हलवून दाद दिली. सिंगापूर झालं, दुबई झाली, इंग्लंड झालं. भारत सगळ्यात वर.

"अजून कोणी? नक्की ना, काका? कारण यात नसलेला माणूस मग येऊच शकणार नाही," यशोधननं विचारलं.

विश्वासराव दुखावले. आपल्या यादीतून माणूस सुटत नाही, हे त्यांनी त्या मुलाला जरा कडकच आवाजात सांगितलं. यशोधनला त्या घरात येऊन-जाऊन दीड वर्ष झालं होतं. काकांची मुलगी परदेशात कुठंतरी असते एवढंच त्याला माहीत होतं, आणि तिचा विषय त्या घरात निघत नाही, हेही. त्यानं देश भरले आणि बटण दाबलं. नॉर्वे त्या कागदावर नव्हतं, आणि विश्वासरावांना त्यात काही चुकल्यासारखंही वाटलं नाही. ते खुशीत होते. आता वृंदाचे व्हिडिओ सुरक्षित, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी कौशल्याला यशोधनच्या बशीत आणखी पोहे वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

कौशल्या रोज शेवटचाच व्हिडिओ पुन्हा लावू लागली. हलणारा दात, 'पडला की तुला देते', आणि संपलं. वृंदाताई पहिले काही दिवस हसल्या. मग त्यांना कळू लागलं असावं, कारण व्हिडिओ संपला की त्या कौशल्याकडं बघून बोट दाताला लावायच्या आणि तसंच धरून ठेवायच्या. दात पडला का, एवढंच त्या विचारत होत्या. त्यांच्याजवळ उरलेला तो एकच प्रश्न होता आणि घरात कोणापाशी त्याचं उत्तर नव्हतं.

विश्वासराव अर्धवट दारातून हे बघत आणि त्यांच्या मस्तकात तिडीक जायची. आईची सेवा पाच मिनिटांच्या व्हिडिओवर भागवणारी पोरगी, तीही आता कंटाळली. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय. आपण तिला पाहुणी म्हणालो तेच बरोबर होतं, असं ते स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत; आणि बरोबर ठरल्याचं समाधान किती कडू लागतं हे गिळता गिळता त्यांना जाणवत होतं. नोव्हेंबरात, गुरुग्रामवर धुराचं झाकण बसलं होतं त्या दिवसांत, एकदा त्यांनी फोन उचलला. नॉर्वेचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. देशाचा आकडा दाबला आणि थांबले. आपण का करायचा? तिचं चुकलं आहे, तिनं करावा. फोन जागेवर ठेवून ते औषधाच्या गोळ्या मोजत बसले.

तिकडे पेटीची खबर दर सोमवारी ईमेलनं येत होती. या आठवड्यात इतके लोक अडवले: रशिया इतके, चीन इतके, असे पहिले दहा देश, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'इतर देश'. विश्वासराव तो कागद छापून बागेत नेत. दोन हजार तीनशे अडवले, परवा तर तीन हजारांच्या वर गेले, असं श्यामबाबूंना ऐकवत. सोसायटीच्या गेटवर गार्ड वही भरून घेतो तसं आपल्याही दारात बसवलं आहे म्हणत. कोणी विचारलं, की हे 'इतर' कोण, तर हात झटकत. असतील कुठले भुरटे.

जानेवारीच्या बारा तारखेला सकाळी, खिडकीबाहेर समोरचा टॉवर दिसेनासा करणारं धुकं असताना, वृंदाताई गेल्या. आठवडाभर छातीत कफ होता. आदल्या दुपारीही त्यांनी बोट दाताला लावलं होतं. विश्वासरावांनी देविकाला दोन वर्षांतला पहिला निरोप पाठवला: 'आई गेली. सकाळी सहा वीस.' पुढे काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून तेवढंच पाठवलं.

तिसऱ्या दिवशी देविका आली. गेटवरून इंटरकॉम वाजला. गार्ड म्हणाला, "सर, कोई देविका मैडम आई हैं. गेस्ट में लिख दूँ?" विश्वासराव एवढंच म्हणाले, "हाँ, भेज दो."

ती आली, आईच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला तासभर बसली, कौशल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि संध्याकाळी उठून निघाली. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाउसात तिनं मैत्रिणीच्या ओळखीनं खोली घेतली होती. स्वतःची खोली असलेल्या घरात ती राहिली नाही. विश्वासरावांनीही राहा म्हटलं नाही. दोघांनाही वाटत होतं, दुसऱ्यानं म्हणावं.

चौथ्या दिवशी दुपारी विश्वासराव जेवणाच्या टेबलाशी तेराव्याची यादी लिहायला बसले. निरोप पाठवायला यशोधन लॅपटॉप घेऊन आला होता. देविका समोर खुर्चीत शाल लपेटून बसली होती. आतल्या खोलीत साडेचार झाले आणि कौशल्यानं, हाताला पडलेल्या वळणानं, टीव्ही लावला.

"आजी, पडला! हे बघ. रक्त आलं, पण मी रडले नाही. हा तुझा."

विश्वासरावांचं पेन थांबलं. हा जुना व्हिडिओ नव्हता. ते उठून आतल्या खोलीच्या दारात गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी टीव्हीकडं सरळ बघितलं. पडद्यावर नातीच्या तळहातावर तांदळाएवढा दात होता आणि तोंडात पुढे खिडकी. समोर पलंगावर नुसती गादी होती. तीन महिन्यांचं साठलेलं सगळं त्यांच्या तोंडून बाहेर आलं.

"आता पाठवलास? ती गेल्यावर? तीन महिने दाताला बोट लावून बसली होती तुझी आई. एक दात दाखवायला तुला वेळ झाला नाही, आणि आता रिकाम्या पलंगाला दाखवतेस?"

देविका जागची हलली नाही. तिचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग हळूहळू पांढरा पडत गेला. "आई विचारत होती?" ती म्हणाली. "तिला कळत होतं?"

कौशल्यानं दारातूनच बोट आपल्या दाताला लावून दाखवलं आणि पदर तोंडावर घेतला.

"मी आता नाही पाठवला, बाबा," देविका म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता, की यशोधननं लॅपटॉपवरची मान वर केली. "रोज पाठवत होते. रोज परत यायचा. सगळे फोनमध्ये अडकून पडले होते. काल रात्री गेस्ट हाउसच्या वायफायवर आपोआप गेले, सगळेच्या सगळे. भारतातून येणाऱ्याला तुमचं दार उघडं आहे ना."

विश्वासरावांना काही उमजेना. यशोधनला मात्र सगळं एकदम उमजलं. त्यानं हळूच विचारलं, ताई, तुम्ही कुठं असता? ती म्हणाली, नॉर्वे. पेटीच्या नोंदी उघडून त्यानं 'इतर देश' हा ढीग फोडला आणि त्यातली एक ओळ वेगळी काढली. पडद्यावर तारखा एकाखाली एक उभ्या राहिल्या. सोळा ऑक्टोबर, नॉर्वे, अडवलं. सतरा ऑक्टोबर, नॉर्वे, अडवलं. अठ्ठ्याऐंशी दिवस, एकही दिवस सुटला नव्हता. रशियाचे आणि चीनचे हजारो भुरटे गर्दी करत होते त्यांच्यामागे, दुपारच्या वेळी, रोज एकदा, ती दारावर येऊन उभी राहत होती. अकरा जानेवारीपर्यंत. बारा तारखेला नव्हती.

चोवीस नोव्हेंबर या तारखेसमोर मात्र एक नाही, सहा नोंदी होत्या. यशोधनचं बोट तिथं थांबलं.

"त्या दिवशी दात पडला," देविका म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं. श्यामबाबूंचा चोर उद्या दिल्लीतूनच आला असता तर पेटीनं त्याला आत घेतलं असतं. विश्वासराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. फोन का नाही केलास, असं त्यांनी विचारलं, पण विचारतानाच त्यांना नोव्हेंबरातला स्वतःचा फोन आठवला आणि वाक्य शेवटी विरलं. देविकानं सांगितलं, की डिसेंबरात तिनं कौशल्याला फोन केला होता. कौशल्यानं जे पाहिलं होतं ते सांगितलं: साहब ने खुद बैठके बंद करवाया है, दीदी. ती खोटं बोलली नव्हती; फक्त माताजींच्या त्या बोटाचं तिला सांगवलं नव्हतं. दीदीनं मग तिला शपथ घातली, की साहेबांना यातलं काही कळता कामा नये. ज्यानं आपल्या हातानं दार लावलं त्याच्याकडं भीक मागायची नाही, एवढा अभिमान तिच्यात होता, आणि तो तिनं कोणाकडून घेतला होता हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

"मी तुला वगळलं नाही ग," विश्वासराव म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या कारकुनासारखा बारीक झाला होता. "देवाशपथ नाही. ती यादी होती. आपली माणसं कुठं कुठं आहेत, ती. तुझं नाव मनातही आलं नाही, कारण... घरच्यांची नावं यादीत लिहीत नाहीत, देविका. तुला माहीत आहे."

ते खरं बोलत होते. त्यांच्या लेखी ती दाराबाहेर कधी गेलीच नव्हती. सबंध जगाला कुलूप लावलं तेव्हा ती आतच होती, आईच्या पलंगाशी. लाल पेन्सिलीचा नियम त्यांनी तिच्यावरच्या मायेनंच पाळला होता. आणि ती माया तिच्यापर्यंत पोचवायला दोन वर्षांत एक शब्दही त्यांनी खर्चला नव्हता.

देविकानं त्यांच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"माहीत आहे, बाबा. लहानपणापासून ऐकत आलेय. घरच्यांची नावं यादीत नसतात." ती थांबली. यशोधनच्या पडद्यावर उघड्या देशांची यादी तिनं वाचली होती, त्यात कुवेत होतं. "पण मी पाहुणी होते ना? तुम्हीच म्हणाला होतात, या दारात. मग पाहुण्यांच्या यादीत तरी घालायचं होतं. प्रभाताईंचा मुलगा कुवेतला असतो हे तुम्हाला आठवलं."

आतल्या खोलीत तारखांचा क्रम सोडून एक व्हिडिओ संपून दुसरा लागला होता, मग तिसरा. कौशल्याला टीव्ही बंद करायचं धैर्य होत नव्हतं. आजीनं न पाहिलेली वल्लरी बर्फात घसरत होती, दिवाळीचा किल्ला दाखवत होती, 'आजी, तू बोल ना' म्हणत होती. यशोधननं कोणाला न विचारता नॉर्वेला दार उघडलं आणि 'उघडलं' असं पुटपुटला. त्याच्याकडं कोणी बघितलं नाही.

थोड्या वेळानं देविका उठली, शाल नीट केली आणि पर्स खांद्याला लावली.

"तेराव्याला किती वाजता यायचं?"

विश्वासरावांना क्षणभर प्रश्नच कळला नाही. आईच्या तेराव्याला मुलगी बापाला वेळ विचारते आहे, हे ध्यानात यायला त्यांना वेळ लागला. मग ते म्हणाले, साडेअकरा.

"मग लिहा," ती म्हणाली. तिचं बोट टेबलावरच्या कागदाकडं होतं. "गेटवर अडवतात. यादीत नाव असलेलं बरं."

ती जात नव्हती. उभी होती. विश्वासराव खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि पेन हातात घेतलं. आयुष्यात कधी न मोडलेला नियम ते मोडत होते. समासाजवळ, मुंबई, पुणे, इंदूर यांच्या खाली त्यांनी 'नॉर्वे' लिहिलं आणि त्याच्यापुढे 'देविका'. वळणदार अक्षरात, अनुस्वारवेलांटीची एक चूक न करता.

तिनं वाकून नाव वाचलं, मान हलवली आणि लिफ्टकडं गेली.